वेगळ्या चुलीची कढई

सूनबाई पार्वतव्वा,

मी मोहोळला लेकीकडं चाललेय. आज तुमी दोघं सामान हलवून वेगळं बिऱ्हाड करणार, ते मला बघवायचं न्हाय.

आपली बिडाची कढई मी ठेवून घेतलीय. रुसू नको, ह्यांना तिच्यातलंच कालवण लागतं. तू नवी घे, पण आज न्हाय. शनवारी लोखंड घरात आणू नये. चकचकीत बघून भुलू नको. ओबडधोबड, स्वस्तातली चालंल, पण बूड जाड पायजे. टिचकी मारून बघ. खणखणली तर घे. बद्द वाजली तर चीर हाय, वरनं दिसत न्हाय.

दुकानदार विचारंल, घरात खाणारी किती? दोन सांगू नको. चार सांग.

आत्याबाई