बेटावरचा वाडगा

३ जून
आलो एकदाचे. फ्रिस्को शहरातलं बस्तान हलवून मी आणि माझी सात वर्षांची लेक रुही फ्लोरिडाच्या या ग्रीक वस्तीच्या गावात. टूर-बोटीवर गाइडची नोकरी लागलीय. धक्क्यावर वाळत घातलेले समुद्री स्पंज, निळ्या घुमटाचं चर्च, समोर दीपगृहाचं बेट. भूमध्य समुद्राची हौस इथेच भागली, असं नागपूरला आईला कळवलं. ती म्हणाली, आधी भाजी कुठे मिळते ते बघ. कॅप्टन स्टाव्हरोस खडूस आहे, पण रुहीला स्टिअरिंग धरू देतो.

८ जून
पहिली फेरी. समुद्रतळाशी बुडी मारून स्पंज काढताना बुडालेल्यांसाठी बेटावर जुनं चॅपल, छोटंसं प्रार्थनाघर, आहे. पर्यटकांवर भरपूर इतिहास झाडला, थोडा चुकीचाही. परतताना रुहीच्या हातात अंजिरांनी भरलेला मातीचा वाडगा. काळ्या कपड्यांतल्या आजींनी दिला म्हणे. परक्या गावात कुणीतरी लेकराला खाऊ दिला, फार बरं वाटलं.

१५ जून
कुणाचं भांडं रिकामं परत करणं आपल्यात बरं दिसत नाही. रव्याचे लाडू भरून वाडगा चॅपलच्या पायरीवर ठेवला. स्टाव्हरोसनं पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. बेटावर कुणीच राहत नाही, म्हणाला. पोर बुडालेली एक बाई तिथे फिरते. तिचा वाडगा रिकामा, पालथा ठेवायचा, म्हणजे देणंघेणं मिटतं. भरून दिला की ती त्याहून मोठं काही पाठवते आणि तेवढंच परत मागते. मी हसण्यावारी नेलं, पण जेवण गेलं नाही.

१७ जून
सकाळी वाडगा आमच्या स्वयंपाकाच्या ओट्यावर. आत मोती. दाराला आतून कडी होती. बेटावर नेऊन पालथा ठेवला.

१८ जून
परत आला. आत सोन्याची बांगडी, ओली. स्टाव्हरोस म्हणतो, एकदा भरून दिलास, आता पालथा ठेवून उपयोग नाही. मला भीती वाटतेय. बॅगा भरल्या.

१९ जून, दुपार
गाव सोडलं. हायवेवरचं मोटेल. टेबलावर वाडगा—
आत लहान मुलाचा बूट. जुना, फुगलेला. तिनं तिच्या बुडालेल्या पोराचा— म्हणजे आता माझ्याकडून—

रुहीनं तो पायात घातलाय. मॉम, इट फिट्स, म्हणते. बूट निघत नाहीये—
आजी बाहेर थांबल्यात म्हणते. मी तिचा हात धरलाय, दुसऱ्या हातानं लिहितेय. तिचा हात गार— ओला— बोटं निसट