हवालदार इमूचा ताबा कोणाकडे

मी, सोफे आणि गाद्या शिवण्यात हयात घालवलेला म्हातारा, वय वर्षं चौऱ्याहत्तर, माझ्यामागे काय कोणाला द्यायचं ते स्वखुशीने लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण त्यांचा दाखला कोणी मागत नाही.

१. दुकानातली हत्यारं, म्हणजे दाभणं, मोठी कात्री आणि शिलाई मशीन, माझ्या जुन्या कारागिराला द्यावीत. भांडकुदळ आहे, पण शिवण सरळ घालतो.

२. बँकेतल्या ठेवी हवालदाराच्या दाणापाण्यासाठी. हवालदार म्हणजे माझा इमू. दिवसभर फाटकापाशी गस्त घालतो म्हणून हे नाव. मुलाने शाळेत असताना त्याला बुटांच्या खोक्यातून घरी आणलं. "बाबा, मी सांभाळीन ना!" आठवडाभर सांभाळलं. पुढची वीस वर्षं मी. "एक तर तो राहील, नाहीतर मी," म्हणून पत्नी बहिणीकडे गेली ती कायमचीच. तिचं चुकलं असं मी म्हणत नाही. त्याने तिच्या नव्या गादीच्या चिंध्या केल्या होत्या.

३. मुलगा आता सिनेमे काढतो. 'सहकुटुंब पोट धरून हसा' अशी जाहिरात झालेला त्याचा सिनेमा आमच्याच घरावर आहे. त्यात गोंडस मुलगा इमूवर जीव टाकतो. खडूस बाप काठी घेऊन मागे लागतो, चिखलात आपटतो आणि मग सुधारतो. खडूस बाप म्हणजे मी! लोकांनी सिनेमा डोक्यावर घेतला. शेवटी इमू बापाच्या मांडीवर मान टाकतो, तिथे म्हणे थिएटरात रडारड होते. खरं सांगतो, सिनेमातला इमू म्हणजे आमचा हवालदारच, आणि तो बापाचं काम करणाऱ्या नटाजवळ फिरकायलाही तयार नव्हता. तेव्हा मुलाने माझ्याकडून एक सोफा आतून पोकळ करून घेतला आणि मलाच त्यात निजवलं. नटाच्या मांडीलगतच्या फटीतून मी मक्याचे दाणे धरून राहिलो. ती मान पडली माझ्या तळहातावर. "झकास!" म्हणत सगळे चहाला गेले. मला बाहेर काढायचं कोणाच्या ध्यानात राहिलं नाही. तो सोफा मुलाला द्यावा.

४. मध्यंतरी मी इस्पितळात होतो. हवालदाराला खायला घाल, म्हणून मुलाला फोन केला. तो म्हणाला, "बाबा, देऊन टाकू या ना त्याला आता. कातड्याला गिऱ्हाईक मिळतं म्हणे." हे मी विसरलेलो नाही, आणि मेल्यावर विसरलो असंही कोणी समजू नये. त्या दिवसांत शेजारच्या इस्त्रीवाल्या बाईंनी त्याला खाऊ घातलं. "मेल्या, चोच मारलीस तर याद राख!" असं ओरडत, पण रोज घातलं.

५. आता घर आणि अंगण. वकील सांगतात, मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला त्यातून काही घेता येत नाही. म्हणून आज मी मुलालाच साक्षीला बोलावलं आहे. कागद उघडा ठेवीन, हवा तेवढा वेळ देईन. हे कलम वाचून त्याने पेन खाली ठेवलं, तर घर त्याचं. मात्र हवालदाराला शेवटपर्यंत इथेच सांभाळायचं. मग साक्षीला वकील आहेतच. त्याने सही केली, तर घर, सोफा, ठेवी आणि हवालदार, सगळं इस्त्रीवाल्या बाईंचं. त्याने वाचावं, असं मला फार वाटतं. कितीही झालं तरी पोटचा पोरगा आहे.

ठिकाण: राहतं घर, पुढची खोली
दिनांक: ९ फेब्रुवारी, सोमवार

मृत्युपत्र करणार: (सही)

साक्षीदार पहिला: मुलगा (सही)

साक्षीदार दुसरा: हवालदाराला तपासणारे गुरांचे डॉक्टर (सही)
वरील दोन्ही सह्या माझ्यासमोर झाल्या. मुलगा फोनवर बोलतच आत आला. वडील म्हणाले, "वाच की जरा." तो म्हणाला, "बाबा, तुम्ही लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार. कुठे करू सही?" वडिलांनी बोट ठेवून जागा दाखवली.