तार छेडायला हात उरत नाही

प्रिय ताई,

तुला आणि भाऊजींना नमस्कार. माझं बरं चाललंय. अक्षर बघ, नेहमीसारखंच आहे, म्हणजे उजव्या हाताला काही झालेलं नाही.

डाव्या हाताची दोन बोटं कारखान्यातल्या प्रेसखाली गेली. आईला सांगू नकोस. तिचे गुडघे कसे आहेत?

उरलेली बोटं आखडतायत. डॉक्टर म्हणतात, सतत हलवा, नाहीतर हात कायमचा जाईल. रबरी चेंडू दाबून जीव विटला, म्हणून काल युकुलेली घ्यायला गेलो. चार तारांची चिमुकली गिटारच ती. सगळ्यात स्वस्त म्हणून रंगीत उचलली.

दुकानदार म्हणाला, "ते खेळणं आहे, सूर धरत नाही. ही साधी घ्या. तारा नायलॉनच्या आहेत, बोटं सोलत नाहीत."

मी खिशातून हात काढून विचारलं, "अंगठा सोडून दोनच बोटं उरलीत, वाजेल?"

तो म्हणाला, "सुरुवात एकाच बोटाने होते."

साधीच घेतली. पण ते एक बोटही वाकत नाही, ताई. उजव्या हाताने ते तारेवर दाबून धरतो, तर तार छेडायला हात उरत नाही.

चार दिवस येशील का? मी बोट दाबून धरतो, तू तार छेड.

तुझाच,
धाकटा