रेडिओतली घरघर

१२ सप्टेंबर २००४

कॉम्प्युटर आला. नवी सून यावी तसा आला — रिक्षातून, खाली उशी घेऊन. विनीतने हळद-कुंकू लावलं, उर्वशीने ओवाळलं. तिला म्हटलं, "गो, तू इलंस तेव्हा तुका एवढो मान नाय मिळालो." ती हसली. विनीत नाही. मुंबईची नोकरी सुटल्यापासून माझा झील हसू जपून खर्च करतो.

पडवीत बसून लोकांचे अर्ज आणि लग्नपत्रिका टाईप करणार म्हणे. म्हणजे दोघं आता इथेच राहणार. बरं वाटलं. त्यांना सांगितलं नाही.

त्याच रिक्षातून ह्यांच्या फोटोपुढे ठेवायला विजेचा दिवा आणलाय. पिन लावली की ज्योत हलते, अगदी खऱ्यासारखी. उर्वशी म्हणाली, "आये, ह्यो कधी इझाचो नाय." म्हटलं, बरं झालं. तेलाच्या दिव्याने नुसते उंदीर पोसले जायचे.

१३ सप्टेंबर

संध्याकाळी रेडिओ लावला. मॉस्कोच्या हिंदी बातम्यांच्या जागी घर्रर्र. जशी कोणी तिथे खवणीवर नारळ घेऊन बसलीय.

१५ सप्टेंबर

आजही तेच. पत्र कसं लिहू?

हे बोटीवर होते तेव्हा कुवेतहून हा जपानी रेडिओ आणलेला. एरियलची वायर कौलांवरून माडाला. लांबची स्टेशनं पकडायची आणि त्यांना पत्र टाकायचं — तुमचा आवाज आमच्या मसुऱ्यात असा असा ऐकू आला, तुम्ही हे हे बोललात. मग ते चित्राचं कार्ड पाठवतात. एवढाच छंद. माणूस दारू पीत नव्हता, हे पीत होता.

हे गेले. पत्रं मी टाकते, ह्यांच्याच नावाने. कार्डंही ह्यांच्याच नावाने येतात. गंगाराम पोस्टमन खळ्यातून ओरडतो, "वयनी, दादांक मॉस्कोसून कार्ड!" मी म्हणते, "वर पाठव, पत्तो बदललो हा." त्याचं तोंड बघण्यासारखं होतं.

पण काय बोलले ते नीट ऐकलं नाही तर लिहिणार काय? पत्र नाही तर कार्ड नाही. मग ह्यांचं नाव घ्यायला गंगारामसुद्धा येणार नाही.

२१ सप्टेंबर

भाई आला. वायरमन, ह्यांचा जुना दोस्त. रेडिओ सेलवर ठेवला आणि घराचा मेन स्वीच पाडला. मॉस्कोची बातम्यांची बाई साफ बोलली. "घरातलीच पिडा आसा," भाई म्हणाला. मग मेन चालू करून एकेक पिन काढत फिरला. फ्रीज, टीव्ही, पंप. विनीत कॉम्प्युटर बंद करू देईना — "गिऱ्हाइकाचा काम अर्ध्यार आसा." फोटोपाशी भाईने हात जोडले, पायात चपला बघून जीभ चावली, पुढे गेला.

घरघर तशीच.

"मगे रवला काय? ह्योच," म्हणून भाईने कॉम्प्युटरकडे बोट केलं. विनीतच्या कानाच्या पाळ्या लाल.

४ ऑक्टोबर

भाईचे उपाय चाललेत. वायर पुढच्या माडावरून मागच्या माडावर नेली. तिथून रेडिओपर्यंत टीव्हीची जाडी केबल. विहिरीपाशी तांब्याची नळी ठोकून अर्थिंग. कॉम्प्युटरच्या वायरीला घरघर अडवायच्या काळ्या कड्या घातल्या, मेदूवड्याएवढ्या. विनीतला विचारलं, "ह्येका बांगड्यो भरल्यास? डोहाळजेवण कधी?" तो उठून गेला.

घरघर निम्मी झाली. निम्मी म्हणजे — कोणीतरी बोलतंय ते कळतं, काय ते नाही. सासूबाईंचे शेवटचे दिवस आठवले.

१९ ऑक्टोबर

म्हटलं, कॉम्प्युटर मांगरात ने.

"मांगरात? थंय शेणाचो वास. गिऱ्हाइक येतला?"

"गुरां तुझ्यापेक्षा कमी आवाज करतत. नेऊन बघ."

"आये, मेलेल्या माणसाच्या पत्रांसाठी जित्या माणसाचो धंदो बंद करू?"

"मेल्याचीच पत्रां येतत, बाबा. जितो मुंबैक होतो, तेणा एक टाकूक नाय."

उर्वशी भाकरी थापायची थांबली. मला थांबता आलं असतं. मजा येत होती, खोटं कशाला लिहू. मग यायची थांबली.

२ नोव्हेंबर

गेले. कुडाळला गाळा घेतलाय, वर खोली. कॉम्प्युटर पुन्हा उशीवर बसून. कड्यांसकट.

उर्वशी जाताना फोटोपाशी गेली, दिव्याची पिन घट्ट दाबली. "आये, ह्यो चालू ठेवा. तेंका काळोख नको." म्हटलं, "ठेवतंय." विनीत पाया पडला, पण बघितलं नाही.

दोन भाकऱ्या जास्त झाल्या. कोंबड्यांना घातल्या.

३ नोव्हेंबर

कॉम्प्युटर नाही. घरघर आहे.

५ नोव्हेंबर

शेजारच्या सावित्रीकडे काही नवीन यंत्र आलं असेल म्हणून जाऊन आले. तिच्याकडे एक बल्ब आणि एक कोंबडा. "काय गो, माझ्या घरात काय शोधतस?" म्हणाली. म्हटलं, माझो झील.

भाईला बोलावलं नाही. काय तोंडाने बोलावू?

१० नोव्हेंबर

दिवाळीची झाडलोट. फोटो पुसायला खाली घ्यायचा म्हणून दिव्याची पिन काढली. मागे रेडिओ घरघरत होता, सोबतीला ठेवलेला. एकदम मॉस्कोची बाई बोलली — स्वच्छ, शेजारी बसून बोलावी तशी.

पिन लावली. घर्रर्र. काढली. बाई.

तेवढ्यात फोन वाजला. उर्वशी.

"आये, फोटोपुढचो दिवो पेटता मां?"

पिन हातातच होती. "पेटता," म्हटलं.