गाडीचा दम कुठे गेला

प्रिय हरिओम,

आई पत्र लिहायली म्हणजे काहीतरी झालं असं तुला वाटेल. तसं नाही, घरी सगळे बरे आहेत. फोनवर तू "हं, बरं" म्हणून ठेवून देतोस, म्हणून लिहिते.

सोनपेठच्या रस्त्यावर तू उसाच्या ट्रॅक्टरच्या पुढे निघालास, निम्म्यावर गाडी एकदम ढिली पडली आणि समोरून बस आली. पोखर्णीच्या नरसिंहदेवानं वाचवलं. अण्णांनी तिथंच, पाहुण्यांसमोर, तुझ्याकडून किल्ली घेतली. "इंजिनाची वाट लावली माझ्या पोरानं, गाडीवर हात न्हाई त्याला," म्हणाले. घरी येऊन सीट पुढे ओढली, त्यांचे पाय आखूड म्हणून. दुसऱ्या दिवशी तू पुण्याला गेलास. संक्रांतीलाही आला नाहीस.

पण गाडी अण्णांच्या हातातही तसंच करायली. डिझेलचा फिल्टर बदलला, हवेचा बदलला. एकजण म्हणाला टर्बो, म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा, गेला, नवा टाका. मी म्हटलं, थांबा. दुधाचं लिहिते तशी गाडीची वही केली. शेजारी बसून लिहायचे: कोणता गिअर, चढ की सपाट, पाय हळू दाबला की जोरात. अण्णा म्हणायचे, "ही गाडीची कुंडली मांडायली." पंधरा दिवसांत कळलं. हळू दाबलं तर काहीच नाही. तिसऱ्या-चौथ्या गिअरात एकदम दाबलं की सुस्स आवाज, मागे काळा धूर आणि दम गायब.

वही योगीराज मिस्त्रीला वाचून दाखवली. "काकू, निम्मं काम तुमीच केलं की," म्हणून हसला. टर्बोतली हवा इंजिनाकडे नेणारा जाड रबरी पाइप असतो, त्याच्या खालच्या अंगाला तेलाचा ओला डाग होता. काढून वाकवला तर चीर उघडली. जोर दिला की पाइप फुगायचा आणि हवा तिथून पळायची. नवा पाइप बसवला. परवा येलदरीच्या चढाला गाडी सरळ वर गेली.

आता जे सांगायला बसले ते. त्या चिरीत तार रुतली होती. मागच्या वर्षीच्या दसऱ्याला गाडीची पूजा झाल्यावर पोखर्णीच्या अंगाऱ्याची पुडी मीच बोनेटखाली त्या पाइपाला बांधली होती. दोरा तुटतो, आणि स्लॅबची उरलेली तार फेकायची कशाला, म्हणून तीच घेतली. सात वेढे दिले, पक्कडीनं आवळले. योगीराजनं पुडी माझ्या हातात दिली. अण्णा तेव्हा चहा सांगायला गेले होते. मी ती पदराला बांधली आणि आठ दिवस गप्प राहिले. देवापुढं दिवा लावताना रोज तुझं तोंड दिसायचं. हात माझा चुकला, तुझा नाही.

पाकिटात घालायच्या आधी हे अण्णांना वाचून दाखवलं. उठून बाहेर गेले. लय वेळ आले नाहीत म्हणून बघायला गेले. गाडीत बसले होते, सीट पार मागे सरकवली होती, तुझ्या मापाची. पाय पोचत नव्हते, तरी तसेच बसून होते.

तुझीच,
आई