आबांच्या पिंपळातली चिलटं

संघर्ष आन् प्रगती,

चिठ्ठी एकच हाय, दोघं शेजारी उभं राहून वाचा. चिलटं झाली म्हणून तुमच्या आबांनी मरायच्या आधी कुंडीत लावलेला पिंपळ गटारीपाशी नेऊन ठेवलात? लाज न्हाई वाटली? एक वंदना करून तांब्या ओततो, दुसरी मागनं वेगळी वंदना करून पुन्हा ओतते. माती सुकंल कवा? अबोला तुम्हा नवरा-बायकोचा आन् कुजतंय झाड! कुंडी आत घ्या. वरची ओली माती काढून कोरडी वाळू पसरा. माती सुकेस्तोवर पाण्याचा थेंब नको. मी वरवंडला लेकीकडं चाललेय. न्यायला या, पण बोलत या. एकटं कुणी आलं तर दारातनंच माघारी लावीन.

आई