शिडी, पाणमांजर आणि अडतीस सेकंद

४ जून

सात महिने एक ओळही नाही. चुकले, वही. कारणं द्यायला बसले तर निम्मी खोटी निघतील, म्हणून देत नाही.

आज लिहायला बसले, कारण शब्द देऊन बसलेय. लेक वीस तारखेला नोकरीच्या गावी चालली. भेट काय हवी विचारलं, तर म्हणते, "पाणमांजर."

ती क्लिप! जपानी कार्टून — "आई, ॲनिमे म्हण गं!" — अडतीस सेकंदांचं. लाल टोपीतलं गलेलठ्ठ पाणमांजर घडीची शिडी उघडायला जातं, आणि शिडी त्यालाच घडीत घेते. त्यावर कुणा बाईने आपल्या भाषेत आवाज दिलेला. ठसक्यात: "सरका! मी शिकलेली आहे!" एकेकाळी या क्लिपने नुसता धुमाकूळ घातला होता. ज्याच्या त्याच्या फोनवर तीच. लेक तीन वर्षांची होती, तिच्याशिवाय घास गिळत नसे. एका जेवणाला बावीस वेळा — मोजलंय मी. घरात अजून बरणीचं झाकण अडलं की कुणीतरी ओरडतंच — सरका!

"शोधते की," म्हणाले. पाच मिनिटांचं काम.

५ जून

पाच मिनिटांचं नाही.

८ जून

जिथे ती होती ती साइटच बंद पडलीय. कपाटातून चार जुने फोन निघाले, त्यांतल्या एकालाही घरातला चार्जर बसेना. 'पाणमांजर शिडी' असं टाइप करून शोधलं, तर शिड्यांच्या जाहिराती. आता फोन उघडला की शिड्याच शिड्या!

दादाला विचारलं. जुनं काहीही टाकून न देणारा माणूस, वाटलं त्याच्याकडे सापडेल. "पाणमांजर कुठलं? अस्वल होतं ते." मागून वहिनी, "आणि शिडी नव्हती हो, छत्री होती!"

"दादा, तुझ्या जुन्या सीड्या बघ ना जरा."

"अस्वल मिळालं तर कळवतो."

हसता हसता मनात खुट्ट झालं. मला तरी नक्की काय आठवतंय? कागदावर दोन रकाने पाडले. एकीकडे 'खात्री', दुसरीकडे 'वाटतं'. टोपी लाल होती याची शपथ घेता येईना. गेली दुसरीकडे. शिडीही गेली. शेवटी खात्रीच्या रकान्यात एकच उरलं — आवाज. तो मी कुठेही ओळखीन.

११ जून

हरवलेल्या व्हिडिओंमागे लागलेल्या वेड्यांचा एक गट सापडला. (आता मीही त्यांतलीच.) लिहिलं, तर एका दिवसात चाळीस उत्तरं! वाक्य सगळ्यांना पाठ. क्लिप एकाकडेही नाही. बाई कोण, तेही कुणाला ठाऊक नाही.

लेक म्हणाली, "राहू दे गं आई." तोंड मात्र एवढंसं केलं. राहू देणार नाही.

१३ जून

आज जे झालं ते नीट, क्रमाने लिहिते.

कान तपासणं हे माझं काम. माणसाला बंद खोलीत बसवायचं, हेडफोन लावायचे, रेकॉर्ड केलेले शब्द ऐकवायचे — दार, फूल, खुर्ची. ऐकू आलं ते त्याने परत म्हणायचं, मी काचेपलीकडे बरोबर-चूक टिपायचं. हेच रेकॉर्डिंग अकरा वर्षं लावतेय.

आज एक निवृत्त बसड्रायव्हर आले होते. दार. "दार." फूल. "फूल." शिडी.

गृहस्थ खुर्चीतून अर्धे उठले. "शिडी! सरका! मी शिकलेली आहे!" आणि गडगडाटी हसले. "अहो, ही तर तीच बाई!"

माझी पेन्सिल खाली पडली. त्यांना पाठवलं, दार लावून घेतलं, स्वतः हेडफोन घातले. शिडी. पुन्हा. शिडी. 'शि' वर तोच ठसका!

अकरा वर्षं! दिवसाला दहा वेळा! कुठेही ओळखीन म्हणे! लोकांचे कान तपासते, माझे कोण तपासणार? मी शब्द ऐकत होते, बाईला कधी ऐकलंच नाही. ते रेकॉर्डिंग कुठून तरी विकत आणलंय असंच धरून चालले होते.

(ड्रायव्हरकाकांचं उत्तर चूक धरायचं की बरोबर? शब्द तर ऐकला होता. बरोबर धरलं.)

१४ जून

दवाखान्यात सगळ्यांत जुन्या म्हणजे सफाईवाल्या मावशी. त्यांना विचारलं, "हा आवाज कुणाचा हो?"

"मॅडमचाच की! कुणाचा असणार?"

आमच्या मॅडम, दवाखान्याच्या मालकीण! कुजबुजीपलीकडे न बोलणाऱ्या, कामं चिठ्ठीवर लिहून पाठवणाऱ्या, अकरा वर्षांत एकदाही मोठ्याने न हसलेल्या!

"तू यायच्या आधी घशाचं ऑपरेशन झालं ना त्यांचं. त्याआधी काय खणखणीत आवाज होता! त्या जिन्यात हसल्या की मला इथे कळायचं. आता मेलं ते हसूही मुकंच."

आणि मी त्यांना शिष्ट म्हणत आले. या वहीतच म्हटलंय. मागे जाऊन वाचलं — तीन ठिकाणी. खोडलं नाही. खोडणं म्हणजे पुन्हा लबाडीच.

१६ जून

दोन दिवस धीर होईना. आज केबिनमध्ये गेले. "मॅडम, ते शिडीवालं पाणमांजर..."

आधी कानापर्यंत लाल झाल्या. मग कुजबुजत, "भावाने आणि मी केलं होतं. एका रविवारी. गंमत म्हणून."

"तुमच्याकडे आहे?"

मान हलवली. नाही. चिठ्ठी ओढून लिहिलं: 'त्या आवाजाचं आता फक्त दार-फूल-खुर्ची उरलंय.' माझ्याकडे बघितलं, खाली आणखी लिहिलं: 'मिळालं तर मलाही.' आणि शेजारी एक पाणमांजर काढलं. टोपीसकट!

लेकीला सांगितलं. ती उठून बसली. "मग आता सोडायचं नाही, आई!"

१८ जून

दादा दारात, मागे वहिनी. हातात सीडी, वर त्याच्याच अक्षरात 'घराचे कागद'. चेहरा पडलेला.

"पाणमांजरच आहे."

"आणि अस्वल?"

"गप बस."

वहिनी म्हणाली, "छत्री नाहीच हो! मी इतकी वर्षं छत्री कुठून आणली?" सीडी चालवणारा कॉम्प्युटर शेजाऱ्यांकडून आणला. चौघं एकावर एक वाकून! टोपी लाल. शिडी शिडीच. अडतीस सेकंद. सरका! लेक हसता हसता रडायला लागली, दादाने आठ वेळा लावायला लावलं.

आठव्यांदा बंद करायला मी विसरले. चित्र संपून पडदा काळा झाला आणि तिथून पुढे — हसू. खणखणीत, पोट धरून, जिना दणाणून जाईल असं. पूर्ण अकरा सेकंद. आम्ही ते कधीच ऐकलं नव्हतं. पाणमांजर संपलं की लेकीला लगेच पुन्हा पहिल्यापासून हवं असायचं.

मग लेक म्हणाली, "आधी त्यांना. मग मला."

उद्या: मॅडमना तपासणीच्या खोलीत बसवून हेडफोन लावणे, आणि शेवटपर्यंत बंद न करणे.